धावपट्टी मोकळी

प्रिय कॅप्टन,

‘प्रिय’ वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राला काहीतरी सुरुवात लागते, आणि दुसरा कुठलाही शब्द लिहिला असता तर तू तिथेच घडी घालून पत्र खिशात टाकलं असतंस. समोरच्याचं बोलणं जिथवर सोयीचं असतं तिथवरच ऐकायचं, ही तुझी जुनी खोड. म्हणून मुद्दाम कागदावर लिहिते आहे. कागदावरच्या बाईला मधेच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि तुला उत्सुकता इतकी आहे की तू फाडणार नाहीस.

चौकशी समितीच्या इमारतीसमोर एक लहानसं कॉफीचं दुकान आहे, तिथे खिडकीशी बसले आहे. तुझी साक्ष सकाळी झाली, माझी आत्ता संपली. एकेकाला बंद दाराआड बोलावून विचारत होते, त्यामुळे मी आत काय बोलले हे तुला ठाऊक नाही, आणि तुझा जीव टांगणीला लागला असणार. लागू दे. अध्यक्षबाईंनी इकडचं तिकडचं बरंच विचारलं, पण त्यांना माझ्याकडून खरं तर एकच शब्द हवा होता. ‘धावपट्टी मोकळी’ असं म्हटल्यावर पुढे मी काय म्हणाले, ‘आहे’ की ‘नाही’? त्या एका शब्दावर तुझं लायसन्स राहणार की जाणार ते ठरायचं होतं, आणि मिस्त्रीच्या मरणाचं खापर तुझ्या डोक्यावर फुटायचं की माझ्या, तेही. एवढं कमी होतं म्हणून तू त्याच शब्दाला आपल्या मुलीलाही बांधून ठेवलंस. मी ‘आहे’ म्हणाले तर टिटवी कायमची माझ्याकडे. ‘नाही’ म्हणाले तर महिन्यातला एक रविवार, तोही तुझी मर्जी असली तर. तिची शाळा सुटायला अजून वेळ आहे. तोवर लिहून काढते.

आपली ओळख मुळात भूकंपावरूनच झाली होती, आठवतं का? मी धावपट्टीच्या जीपवर नवीन लागले होते आणि तू बाहीवरच्या पट्ट्या दिसाव्यात म्हणून कँटीनमध्येही कोट घालून बसायचास. त्या दिवशी सकाळी एक बारीकसा धक्का बसून गेला होता. कप वाजले, ट्यूबलाइट हलली, एवढंच. मी आपली टेबलावर सगळ्यांना विचारून बसले, की विमान उतरत असताना किंवा सुटत असताना जमीन हलली तर हो काय होईल? सगळे हसले. तू मात्र बशी पुढे ओढलीस, तिच्यावर हवेत चमचा धरलास आणि बशी गदागदा हलवून मला म्हणालास, “बशी हलली. चमच्याला काय फरक पडला?” मला ते इतकं आवडलं की मी तुझ्या चमच्याच्याच प्रेमात पडले म्हण ना. पुढे लग्नानंतर प्रत्येक पार्टीत, प्रत्येक पाहुण्यापुढे तू तो बशीचा प्रयोग केलास आणि मी दरवेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखी हसले. चमच्याला शेवटी बशीतच यावं लागतं, हे तेव्हा मला सुचलं नाही.

सुचलं ते कामावर. जीपमधून धावपट्टी वर्षानुवर्षं खालवर केली की जमीन काय चीज आहे ते कळतं. विमान हवेत असेल तर त्याला भूकंपाचा पत्ताही लागत नाही, इथपर्यंत तुझं खरं होतं. पण ते ज्या पट्टीवर उतरणार तिचा एखादा जोड चार बोटं वर आलेला असला, दिव्यांच्या तारा आत तुटलेल्या असल्या, टॉवरच्या काचा फुटून तिथली माणसं जिन्यात असली, तर पत्ता लागतो. आणि सुटणाऱ्या विमानाची तर वेगळीच तऱ्हा. भर वेगात खालून थरथर आली की पायलटला वाटतं टायर फुटला, आणि थांबायची वेळ टळून गेल्यावर एखादा ब्रेक दाबून बसतो. हे सगळं मी तुला जेवताना सांगायला लागले की तू अर्ध्यातच “हो हो, कळलं” म्हणायचास. तुला काय कळलं होतं ते देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचे खूर कशाला दिसतील.

टॉवरमधले आपले अण्णा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक धडा द्यायचे. विमानांशी ते ठरावीक इंग्रजीत बोलत, पण जीपशी बोलणं आपल्याच भाषेत चालायचं. त्यात खोच अशी, की आपल्या भाषेत ‘नाही’ येतं ते वाक्याच्या शेवटी, आणि रेडिओवर नेमकं शेवटचंच कापलं जातं. बटण लवकर सुटलं, मधेच दुसरा कुणी बोलला, की ‘मोकळी नाही’चं ‘मोकळी’ होतं. म्हणून जीपवाल्याने ‘मोकळी नाही’ असं कधीही म्हणायचं नाही. ‘मोकळी आहे’, नाहीतर ‘बंद’. तिसरा शब्द नाही. अण्णा म्हणायचे, पोरी, नवऱ्याशी भांडतानासुद्धा हे लक्षात ठेव. मी हसले होते. कामावर तो नियम मी एकदाही मोडला नाही, घरी मात्र पाळायला हवा होता. ‘मला राग आलेला नाही’ यातलं ‘राग आलेला’ एवढंच ऐकून तू बूट घालून बाहेर पडायचास, आणि मग मला खरोखरच राग यायचा. ‘तुझ्या आईंना इथे आणायला माझी हरकत नाही’ यातली हरकत तेवढी तू त्यांना फोन करून कळवलीस. त्या बिचाऱ्या अजून मला टोमणे मारतात.

मग कोर्ट झालं. तुझ्या वकिलाने मला ‘पक्षी हाकलणारी बाई’ म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पहाटे उठून धावपट्टीवरचे पक्षी हाकलणं हेही माझं कामच आहे. अशी बाई पोर कधी सांभाळणार, असा तुझा मुद्दा, आणि घरी आजी आहे हा हुकमी एक्का. पोर तुला मिळाली. धावपट्टीच्या कडेला गवतात अंडी घालून दिवसभर कर्कश ओरडणाऱ्या पाखराचं नाव मीच तिला दिलं होतं, जन्मल्यापासून तसाच आवाज म्हणून, आणि ती तुझ्या गाडीत बसताना तशीच ओरडत होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर तू माझ्याजवळ आलास. मला वाटलं, आता तरी काहीतरी माणसासारखं बोलशील. तू म्हणालास, “जा, मी तुला मोकळी केली.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मला रेडिओवर तोच शब्द म्हणायचा होता. धावपट्टी मोकळी आहे. अण्णांनी काही न विचारता मला तो पुन्हा एकदा म्हणायला लावला. त्यानंतर रोज म्हणते. शब्द झिजतो म्हणतात, हा काही झिजला नाही.

आता त्या दिवसाचं. तू समितीला काय रंगवून सांगितलंस ते मला बघायचं नाही, मी पाहिलं ते लिहिते. ऊन उतरायला लागलं होतं. मी आणि मिस्त्री जीपमधून कडेच्या रस्त्याने चाललो होतो. मिस्त्री म्हणजे धावपट्टीच्या भेगा बुजवणारा, गुडघे दुखतात म्हणून कायम कुरकुरणारा, दिवसभर तंबाखूच्या पुडीइतकाच तोंडाचाही वापर करणारा माणूस. जीप एकदम डगमगायला लागली. मला वाटलं चाक बसलं. उतरून टायरला लाथ मारून पाहिली तर टायर टणक. मिस्त्री आत बसूनच म्हणाला, “बाई, टायर नाही, जमीनच पंक्चर झाली.” वर बघते तो वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी पाइप खांबासकट डोलतोय आणि गवतातली सगळी पाखरं एकदम हवेत. टॉवरची एक काच खाली आली तिचा आवाज बऱ्याच उशिराने ऐकू आला.

गंमत ऐक. त्याच क्षणी एक विमान सुटत होतं. त्याची चाकं वर उचलली आणि पायलट ओरडायला लागला, माझा टायर फुटला, धावपट्टीवर रबराचे तुकडे पडलेत का बघा. अण्णा जिन्यातून उतरता उतरता हातातल्या छोट्या सेटवर त्याला समजावत होते की बाबा रे, तुझा टायर शाबूत आहे, जमीन हलली. त्याला ते पटेना. सगळं शहर हललं होतं आणि तो वर आपल्याच चाकाच्या काळजीत घिरट्या घालत होता. मला तुझी बशी आठवली. अण्णा मैदानात गाडीच्या टपाला टेकून उभे राहिले आणि तो एक सेट सोडून टॉवरमधली सगळी यंत्रं बंद पडली, तेव्हा विमानं, जीप, अण्णा, सगळे एकाच वाहिनीवर आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मी बोलले तर वरच्या पायलटला ऐकू जाणार होतं. वर कोण कोण आहे हे मला माहीत नव्हतं. मग तुझा आवाज आला.

अण्णांनी तुला स्पष्ट सांगितलं होतं, की पाहणी चालू आहे, वर थांब, नाहीतर शेजारच्या विमानतळावर जा. तिथे धक्का पोचलेला नव्हता आणि तुझ्याकडे जायला भरपूर इंधन होतं. हे तूही नाकारलेलं नाहीस. तू मात्र नुसतं बघून जातो म्हणून खाली यायला लागलास. आम्ही तेव्हा धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडे होतो. तिथे काँक्रीटचा एक जोड वर उचलला गेला होता. मी जीप कडेला घेतली, मिस्त्री उतरून जोडापाशी उकिडवा बसला आणि गुडघ्यांना शिव्या देत हाताच्या बोटांनी उंची मोजायला लागला. मी रेडिओ उचलायच्या आत तूच बोललास. इंग्रजीत नाही, नियमाने नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून भाजीत मीठ किती पडलंय ते विचारावं, त्या सुरात. “किती मोकळी आहे गं?”

त्या ‘गं’ने घात केला. आयुष्यभर पाठ केलेला नियम त्या एका अक्षराने माझ्या डोक्यातून पुसला. तू घरच्यासारखं विचारलंस आणि मी घरच्यासारखं उत्तर दिलं. मी म्हणाले, “धावपट्टी मोकळी...” आणि तू बटण दाबलंस. घरी दाबायचास तसंच. एका वेळी एकालाच बोलता येतं, दुसरा बोलला की पहिल्याचं ऐकू येत नाही, हे तर शिकाऊ पोरालाही माहीत असतं. “ठीक, उतरतोय,” असं तू म्हणालास, आणि पुढचं माझं वाक्य तुझ्या आवाजाखाली गेलं. अण्णांच्या सेटवर तर दोघांचे आवाज आपटून नुसती किंचाळी ऐकू आली. बरं, बोलून झाल्यावर तरी अंगठा उचलायचास. उचलला नाहीस. चाकं टेकेपर्यंत तू ते बटण दाबून धरलंस, घाबरलेला माणूस हाताला येईल ते घट्ट धरतो तसं. मी ओरडत होते, अण्णा ओरडत होते, आणि वाहिनी तुझ्या अंगठ्याखाली बंद होती. मोठा धीराचा कॅप्टन म्हणून पेपरात तुझे फोटो आलेत ना, त्यातल्या अंगठ्याकडे मी नेहमी बघते.

तू नेहमीसारखाच लांब उतरलास. प्रवाशांना धक्का बसू नये, त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, म्हणून पट्टीवर तरंगत राहायची तुझी हौस. अर्धी पट्टी त्यातच गेली. मिस्त्रीची पाठ तुझ्याकडे होती. मी हॉर्न दाबून धरला. तो उठला खरा, पण त्याचे ते गुडघे. तू त्याला टाळायला वळलास की पुढचं चाक जोडावर आपटून वळलं, हे तज्ज्ञ ठरवतील. प्रवाशांपैकी कुणाचा हात मोडला, कुणाचं कपाळ फुटलं, सगळे आपापल्या घरी गेले. मिस्त्रीला मी ओळखलं ते त्याच्या बुटावरून, कारण बूट तेवढा त्याच्या पायात शाबूत राहिला होता. एवढंच लिहिते. तुला झोप लागू नये एवढ्यासाठी आणखीही लिहिता आलं असतं.

सगळ्यांना तू सांगतोस की पोरीच्या काळजीने उतरलो. फोन लागत नव्हते, घरी ती आणि म्हातारी आई, बापाला राहवेना. लोकांचे डोळे पाणावतात. पोर माझीही होती, हे त्यांच्यापैकी एकालाही आठवत नाही. घर पडलं की उभं आहे हे मलाही माहीत नव्हतं, आणि मी धावपट्टी तपासत होते, कारण वर दोनशे माणसं होती आणि त्यांत तूही असशील असं मला वाटून गेलं होतं. असो. तू म्हणतोस ते मी धरून चालते. तू टिटवीसाठी उतरलास. मग परवा तिला विकायला काढलंस ते कुणासाठी?

परवा तुझ्या आई आल्या, सोबत टिटवी, टिटवीच्या हातात बॅग. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना माझ्या घरातला चहा गोड लागला. मी किती वाळले, मी किती सोसलं, आईपासून लेकरू तोडणं हे पाप, सगळं बोलून झालं. मग मुद्दा. विमानातल्या यंत्रात माझं ‘धावपट्टी मोकळी’ एवढंच सापडलंय, पुढे तुझाच आवाज. वाक्याचा शेवट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. जवळ होता तो मिस्त्री, तो गेला. तेव्हा मी ‘आहे’ म्हणावं. माणूस घाबरला की चुकतो, बाईमाणूस तर चुकतंच, समिती समजून घेईल. तू कागदावर सही करायला तयार आहेस, आणि विश्वास म्हणून त्या पोर आजपासूनच इथे ठेवून जातात. हे सगळं त्या पोरीसमोर. तिला आत जा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. की तसंच ठरलं होतं?

त्या गेल्यावर टिटवीने सगळं घर पळत पळत पाहिलं, खिडकीतली जागा आपली म्हणून जाहीर केली, आणि भिंतीवर उंची मोजून घेतली. मी तिची बॅग कपाटात रिकामी करायला घेतली आणि माझे हात थांबले. शाळेचे दोन गणवेश. झोपायच्या कपड्यांचा एक जोड. आठवड्यातल्या दोन वारांची पुस्तकं. बास. थंडीचा स्वेटर नाही, चित्रांचे रंग नाहीत, आणि ती कानाखाली घेतल्याशिवाय झोपत नाही ती चपटी निळी उशी नाही. कायमची घर बदलणाऱ्या मुलीची बॅग अशी भरत नाहीत, कॅप्टन. दोन दिवसांच्या पाहुणीची भरतात. मग मी खाली बसले आणि तुझा हिशोब माझ्या डोक्यात उतरला. मी ‘आहे’ म्हटलं की मिस्त्रीचं मरण माझ्या अंगावर. नोकरी गेली, वर खटला. आणि खटला चालू असलेल्या बाईकडे कुठलं कोर्ट पोर ठेवणार? तुझी सही, तुझा कागद, सगळं आपोआप रद्द, आणि टिटवी परत तुझ्या गाडीत. तू मला मुलगी देत नव्हतास, दाखवत होतास.

आज सकाळी बुटाची नाडी बांधून घेताना तिने मला विचारलं, “आई, तो शब्द म्हणायला फार अवघड आहे का?” मी विचारलं, कुठला शब्द. तर म्हणाली, बाबा म्हणाले तू फक्त ‘आहे’ म्हणालीस की मी इथेच राहणार. म्हणजे सौद्यातला माल कोण आहे हे तू मालालाही सांगून ठेवलं होतंस. मी तिची नाडी दोनदा सोडली आणि दोनदा बांधली. अवघड नाही, असं म्हणाले. ती खूश होऊन शाळेत गेली. दुष्टपणा मीही करू शकते, पण इतका नेटका मला जमला नसता, हे कबूल.

समितीच्या बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी मिस्त्रीची बायको बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की शेवटी मी त्याच्याजवळ होते. तिने फार काही विचारलं नाही. काही बोलले का, एवढंच. मी म्हणाले, गुडघ्यांना शिव्या देत होते. ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. मग मला आत बोलावलं. अध्यक्षबाईंनी तो प्रश्न विचारला, आणि मी उत्तर दिलं. ‘नाही.’ धावपट्टी मोकळी नाही, असं मी म्हणाले होते. ‘बंद’ म्हणायला हवं होतं, तो नियम मी मोडला, हेही सांगितलं, आणि त्याची जी शिक्षा असेल ती मला होईल. जीप तर गेलीच. पण वाक्य पुरं व्हायच्या आत बटण कुणी दाबलं आणि किती वेळ दाबून धरलं, तेही त्यांनी लिहून घेतलं. अण्णांनी त्यांच्या साक्षीत त्या किंचाळीचं सांगितलंच होतं, आता तिचा अर्थ लागला. तुझं लायसन्स गेलं म्हणून समज.

आता तू म्हणशील, सत्यवादी बाई, पोटच्या पोरीपेक्षा खरं मोठं मानणारी. मुळीच नाही. खोटं कशाला बोलू. त्या बॅगेत ती उशी असती ना, तर मी आत जाऊन ‘आहे’ म्हटलं असतं. मिस्त्रीच्या बायकोच्या शेजारून उठून जाऊन म्हटलं असतं, तुरुंगात गेले असते आणि जाईपर्यंतच्या एकेका दिवसावर खूश राहिले असते. खटला, कोर्ट, सगळं दिसत असूनही. तुझ्या आईंनी ती निळी उशी तेवढी बॅगेत कोंबली असती, तर आज तू सुटला असतास. मला फसवायलासुद्धा तुला माझ्या लेकीची एक उशी द्यायचं जिवावर आलं.

आता शाळा सुटेल. मी तिला घेईन, घरी नेऊन खायला घालीन, बॅग भरीन आणि तुझ्या दारात आणून सोडीन. हा लिफाफा तुझ्या आईंच्या हातात देईन. रस्त्यात ती मला विचारील, आणि मी तिला सांगेन की तो शब्द मला म्हणता आला नाही. बस, एवढंच सांगेन. का, ते सांगणार नाही. तुझ्या अंगठ्याचं सांगणार नाही, मिस्त्रीचं सांगणार नाही, तू तिला कशाच्या बदल्यात पुढे केलंस तेही नाही. ती मला सोडणार नाही, तिची जीभ माझ्यावर गेली आहे. माझ्या तोंडावर ओरडेल, आणि मग तुझ्या गळ्यात पडून रडेल. तिला तुझ्या घरात वाढायचं आहे. अशा बापाच्या घरात ज्या पोरीला राहायचंय, तिला बाप कसा आहे हे माहीत असून चालत नाही. म्हणून वाईट मीच राहणार. पण तुला ते माहीत असायला हवं, आणि त्यासाठीच हे सगळं पत्र. आजपासून ती जेव्हा जेव्हा तुझ्या गळ्यात पडेल, ‘बाबा’ म्हणेल, माझं नाव निघताच तोंड फिरवील, तेव्हा लक्षात ठेव की हे तुला मी देते आहे, आणि मी गप्प आहे तोवरच ते तुझं आहे. ती शहाणी होईल, मोठी होईल, एक दिवस आपल्या पायाने माझ्या दारात येऊन तोच प्रश्न विचारील. तेव्हा मी काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवलं तरी तुला कळवणार नाही.

एके काळी तुझीच,
टिटवीची आई